कापूस विरुद्ध बटण

मोजणीदारांना डुक्कर चावलं ही बातमी भूमापन कार्यालयात पसरायला सव्वा तास लागला. ती खरी नाही हे पटवायला पुढचे दोन महिने पुरले नाहीत. अजूनही दोन शिपाई आणि एक नकाशेवाला त्यांच्या उजव्या तर्जनीकडे पाहून हळहळतात. चावलं होतं ते गिनीपिग. वजन एक किलो ऐंशी ग्रॅम, रंग पांढरा, केस लांब आणि मऊ, नाव कापूस. पण कापूस नावाचा प्राणी आपल्याला चावला, हे सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसानं चारचौघांत सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? त्यापेक्षा डुक्कर बरं, असंही त्यांना मध्यंतरी वाटून गेलं होतं.

कापूस घरात आला तो मोजणीदारांच्या मोठ्या मेहुणीच्या हातातून, एका रविवारी सकाळी, पिंजऱ्यासकट. मेहुणी एका शाळेत मुख्याध्यापिका होती. तिला विचारायची सवय नव्हती, ती कळवायची.

“मला चार महिने प्रशिक्षणाला जायचंय,” तिनं कळवलं. “ही दोघं तुमच्याकडे राहतील. पांढरा तो कापूस, तपकिरी तो बटण. दोन्ही नर आहेत, सख्खे भाऊ आहेत, एकमेकांवाचून राहत नाहीत. काय हो साहेब, काही अडचण?”

मोजणीदारांना बऱ्याच अडचणी होत्या. त्यांतली कोणती आधी मांडावी याचा ते क्रम लावत असतानाच बायको म्हणाली, “ठेव, ताई.” बायको पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसाकाठी दीडशे माणसांचं बोलणं ऐकून घेतल्यावर घरी वापरायला तिच्याजवळ फार शब्द उरत नसत. मेहुणी गेली. ऊन लागणार नाही आणि वारं लागणार नाही असा घरात एकच कोपरा होता, आणि तिथे मोजणीदारांची आरामखुर्ची होती. खुर्ची सरकली. मोजणीदारांच्या घरातल्या स्थानाला बसलेला हा पहिला धक्का. त्यांनी तो मोठ्या मनानं सोसला, कारण पुढचे यायचे होते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिले आठ दिवस बरे गेले. दोघे गवत खात, पाणी पीत आणि मोजणीदार पेपर वाचू लागले की त्यांच्याकडे टक लावून बघत. नवव्या दिवशी मोबाइल थरथरल्यासारखा आवाज आला. मोजणीदारांनी दोनदा खिसा चाचपला. मग लक्षात आलं, आवाज कापूसच्या पोटातून येतोय. तो पार्श्वभाग डावी-उजवीकडे हलवत, पावलं मोजून टाकत, बटणभोवती फेऱ्या घालत होता. एखादा पुढारी उद्घाटनाआधी मंडप बघतो तसा. बटण भिंतीकडे तोंड करून बसला होता.

त्या दिवसापासून कापूसचं राज्य सुरू झालं. तो जेवायचा ते पुढचे दोन्ही पाय वाटीत ठेवून. पोट भरलं की पाण्याच्या बाटलीखाली जाऊन बसायचा, आणि तिथून कंटाळला की लाकडी घरकुलाच्या दारात. बटण कुठेही गेला तरी ती जागा कापूसची निघायची. मोजणीदारांची मुलगी दहा वर्षांची होती आणि तिला वहीत नोंदी ठेवायचा नाद होता. तिनं लिहिलं, ‘आज कापूसनं बटणला अकरा वेळा पळवलं. बटणनं काकडी तीन वेळा उचलली. तिन्ही वेळा कापूसनं तोंडातून ओढून घेतली.’

“भाऊभाऊ आहेत, चालायचंच,” मोजणीदार म्हणाले.

हे त्यांनी म्हणावं याचं आश्चर्य वाटतं. कारण भावाभावांच्या भांडणावरच त्यांची सगळी नोकरी उभी होती. रोज कुठल्यातरी रानात तिकाटण्यावर यंत्र लावून ते उभे राहत. दोन बाजूंना दोन सख्खे भाऊ उभे राहून एकमेकांच्या आईचा उद्धार करत, आई एकच आहे हे विसरून. या अनुभवातून मोजणीदारांचं एक मत बनलं होतं: जगात भांडण असं काही नसतं, फक्त चुकीची मापं असतात. हद्द नीट आखून दिली की माणूस गप्प बसतो.

म्हणून मुलीची वही चौथ्या पानावर गेली तेव्हा त्यांनी टेप काढली. पिंजरा अडीच फूट बाय दीड फूट भरला. त्याचा बरोबर मध्य काढून त्यांनी पुठ्ठ्याची भिंत उभी केली, दोन्हीकडे खुणा केल्या आणि हात झटकले. कापूसनं भिंतीचा वास घेतला. मग तो ती खायला लागला. वीस मिनिटांत त्यानं डाव्या कोपऱ्यातून आपल्यापुरतं भोक पाडलं, पलीकडे गेला आणि बटणच्या वाटीत पाय ठेवून उभा राहिला. अतिक्रमण करणारे, खुणेचे दगड हलवणारे, नकाशा फाडणारे असे नाना तऱ्हेचे पक्षकार मोजणीदारांनी पाहिले होते. हद्द खाऊन टाकणारा पहिलाच.

ही हकिगत जिन्यात बोलता बोलता वरच्या मजल्यावरच्या निवृत्त जेलरांच्या कानावर गेली. जेलर त्याच दुपारी खाली आले. पाठीमागे हात बांधून त्यांनी पिंजऱ्याला एक चक्कर मारली.

“कैदी किती?”

“दोन,” मोजणीदार म्हणाले.

“दादा कोण?”

“तो पांढरा.”

“वाटलंच. साधा चेहरा असतो तेच निघतात.” जेलरांनी आवाज खाली आणला. “याला काढा बाहेर. एकटा कोंडा दोन तास. ना काकडी, ना गवत. मग सोडा. माझ्या तीस वर्षांत हा उपाय फसलेला नाही.”

मोजणीदारांना सरकारी माणसाच्या सल्ल्याबद्दल आदर होता. कापूसची रवानगी न्हाणीघरात, कपडे धुवायच्या टबात झाली. तो गेल्यावर पाच मिनिटांनी बटण कोपऱ्यातून निघाला. त्यानं वाटीतलं सगळं खाल्लं, मग तो पाणी प्यायला, घरकुलात शिरला आणि चारी पाय पसरून लवंडला. मुलीनं वहीत लिहिलं, ‘बटण आडवा झाला,’ आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पाच वाजता जेलरांनी कापूसला स्वतःच्या हातांनी टबातून उचललं, सद्वर्तनावर चार शब्द ऐकवले आणि पिंजऱ्यात सोडलं. कापूस सरळ घरकुलात गेला. घरकुलाला दार एकच. आतून फाटक्या भोंग्यासारखा आवाज आला आणि घरकुल जागच्या जागी उड्या मारायला लागलं. रानात दोन भाऊ अंगावर धावून आले की मोजणीदार मध्ये हात घालून “अहो, अहो, समजुतीनं घ्या” म्हणत. सवयीनं त्यांनी इथेही हात घातला आणि तेच म्हणाले. कापूसनं समजुतीनं घेतलं नाही.

दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर एक कारकून होता. त्याच्या छापील कागदावर चौकोन होते: कुत्रा, मांजर, माकड, उंदीर, साप, इतर.

“काय चावलं?”

“गिनीपिग.”

कारकुनानं मान वर केली. “पिग?”

“गिनीपिग. सशासारखं असतं. लहान.”

“ससा की पिग, एक काहीतरी सांगा.”

“नाव गिनीपिग आहे. पण तो पिग नाही.”

“नावात आहे ना? मग.” कारकुनानं ‘इतर’वर खूण केली आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘डुक्कर (गिनी जातीचे).’

मोजणीदारांनी हरकत घेतली. नोंदीतली दुरुस्ती ही त्यांच्या जिव्हाळ्याची बाब होती. कारकून म्हणाला, “दुरुस्तीला वेगळा अर्ज, पंधरा दिवस लागतील. इंजेक्शन आत्ता हवंय ना?” मोजणीदारांच्या बोटातून रक्त गळत होतं. त्यांनी इंजेक्शन घेतलं, आणि गोल शिक्क्याचं प्रमाणपत्रही घेतलं, कारण बांधलेल्या तर्जनीनं यंत्राचा स्क्रू फिरवता येईना, म्हणून रजा हवी, आणि रजेला प्रमाणपत्र हवं.

प्रमाणपत्र आस्थापना शाखेत सकाळी साडेदहाला पोचलं. पावणेबाराला साहेबांनी बोलावलं.

“बसा. कुठे चावलं?”

“बोटाला.”

“ते दिसतंय हो. जागा कुठली? मोजणीवर होतात का?”

“नाही साहेब, घरी.”

“अंगणात?”

“हॉलमध्ये.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “तुमच्या हॉलमध्ये डुक्कर आलं कुठून?”

“मेहुणीनं आणून सोडलं.”

यावर साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनाही मेहुण्या होत्या. त्यांनी दोनऐवजी चार दिवसांची रजा मंजूर केली.

मोजणीदार परत कामावर आले तेव्हा फळ्यावर परिपत्रक लागलं होतं: ‘क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी मोकाट डुकरांपासून सावध राहावे. अलीकडेच एका ज्येष्ठ सहकाऱ्यास...’ नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. त्याच आठवड्यात एका जुन्या वादातले दोन भाऊ त्यांच्या बोटाची चौकशी करायला एकत्र आले. नऊ वर्षांत ते दोघे प्रथमच एका विषयावर बोलत होते. डुक्कर काळं होतं की पांढरं, असं त्यांनी विचारलं. पांढरं, असं मोजणीदारांनी सांगितलं. एवढं तरी खरं होतं.

नकाशेवाल्याची बहीण सोसायटीच्या सेक्रेटरींच्या शेजारी राहायची. त्यामुळे शनिवारी सेक्रेटरी फाइल घेऊन दारात उभे राहिले.

“इमारतीत वराहपालन होत असल्याची तोंडी तक्रार आहे. जरा बघावं लागेल.”

त्यांनी न्हाणीघर पाहिलं, बाल्कनी पाहिली, कॉटखाली वाकून पाहिलं. शेवटी मोजणीदारांनी त्यांना पिंजऱ्यापुढे आणलं. कापूस गवताची एक काडी चघळत होता.

“हे?”

“हे.”

“हे चावलं तुम्हाला?”

त्या ‘हे’मध्ये जे होतं ते मोजणीदारांना बोटापेक्षा जास्त ठणकलं. सेक्रेटरी मात्र लगेच कामाला लागले. पाळीव प्राण्याची परवानगी घ्यायला हवी होती. आणि अर्जात दोनच प्राणी होते.

“कुत्रा की मांजर?”

“दोन्ही नाही.”

“मग परवानगी नाही देता येणार. नियमात हे दोनच प्राणी आहेत. तिसरा आणायचा तर सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल, आणि सभेला कोरम भरत नाही.”

अर्धा तास खल झाला. अखेर अर्जावर असं लिहिलं गेलं: ‘मांजर, नग दोन, आकार लहान, शाकाहारी.’ दोघांनी सह्या केल्या. ज्या माणसानं आयुष्यभर एका वितीची चुकीची नोंद खपवून घेतली नव्हती, त्यानं स्वतःच्या घरातल्या दोन गिनीपिगांना मांजर ठरवून सही केली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

एवढं होऊनही कापूस सुधारला नव्हता. समोरच्या फ्लॅटमध्ये शिवणकाम करणाऱ्या वहिनी होत्या. त्या ब्लाउज द्यायला आल्या आणि तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाल्या, “घरात बाईमाणूस नाही ना यांच्या, म्हणून हे असं. एक मादी आणून ठेवा. बाई समोर असली की पुरुष नीट वागतात.”

मोजणीदारांना हे पटलं. योगायोगानं मुलीची मैत्रीण दोन दिवस परगावी जाणार होती आणि तिच्याकडे एक मादी गिनीपिग होती. वंश वाढवायचा नव्हता, म्हणून मोजणीदारांनी तिची टोपली हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. फक्त उपस्थिती, असं त्यांनी बायकोला समजावलं. सभेला पाहुणे असतात तसं.

दहा मिनिटांत दोन्ही भावांची नाकं वर झाली. कापूस थरथरू लागला. आणि जे कधी झालं नव्हतं ते झालं: बटण कोपऱ्यातून बाहेर आला आणि त्याचेही दात कटकट वाजायला लागले. दोघे मागच्या पायांवर उभे राहिले, तोंडं वर केली, आणि पुढच्या क्षणी पिंजऱ्यात पांढरा-तपकिरी एकच गोळा उरला. गवत उडालं, बाटली पडली. मोजणीदारांनी हात पुढे केला, बोट आठवून मागे घेतला, पुन्हा पुढे केला. उघड्या दारातून जेलर ओरडत आत आले, “हात नाही! टॉवेल टाका, टॉवेल!” तुरुंगातल्या दंग्यात ते कांबळी टाकत असत. मोजणीदारांनी टॉवेल टाकला, जेलरांनी केराची सुपली मध्ये सरकवली, आणि दोघे सुटले. जेलरांचा हा एक सल्ला शंभर टक्के बरोबर होता.

टॉवेलला रक्त लागलं होतं. ते बटणच्या पाठीतून येत होतं. मुलीनं वही मिटली.

“बाबा, बटण मरेल का?”

मोजणीदारांनी बटणला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि चप्पल उलटसुलट घालून जिना उतरले.

प्राण्यांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी जखम धुतली, औषध लावलं आणि बटणला काट्यावर ठेवलं. सातशे दहा ग्रॅम.

“आला तेव्हा किती होता?”

मुलीनं वही उघडली. “आठशे चाळीस.”

डॉक्टरांनी वही हातात घेतली. “याचं पोट बिघडलेलं नाही. याला जेवू दिलं जात नाहीये. घरकुलाला दारं किती?”

“एक,” मोजणीदार म्हणाले.

“म्हणजे आत गेला की कोंडला. वाटी?”

“एक.”

“बाटली?”

“एक.”

“जवळपास मादी आहे का कुठे?”

मोजणीदारांनी छताकडे पाहिलं. “उद्या जातेय.”

“आज पाठवा.” डॉक्टरांनी हातमोजे काढले. “दोन नर छान राहू शकतात. खूप जागा लागते, सगळं दोन दोन लागतं, घरकुलाला दोन दारं लागतात, म्हणजे एकानं पाठलाग केला तर दुसऱ्याला पळता येतं. गुरगुरणं, पळवणं थोडंफार चालतं. पण यांचं रक्त निघालंय. आता मध्ये जाळी टाका. एकमेकांना दिसू द्या, वास येऊ द्या. फक्त दात पोचता कामा नयेत.”

“म्हणजे मापाचाच प्रश्न होता तर!” मोजणीदारांना एकदम बरं वाटलं.

“थोडासा,” डॉक्टर म्हणाल्या. “बाकीचा स्वभावाचा.”

मापाचा भाग मोजणीदारांनी मनावर घेतला. त्यांनी एकास दहा प्रमाणात नकाशा काढला, त्यावर उत्तर दिशा दाखवली, आणि हॉलमध्ये आठ फूट बाय तीन फुटांचं कुंपण उभं केलं. त्यासाठी सोफा दाराआड गेला आणि आरामखुर्ची बाल्कनीत. मध्ये बारीक जाळी, दोन वाट्या, दोन बाटल्या, दोन-दोन दारांची दोन घरकुलं. शेवटची मोजणी केली तेव्हा कापूसची बाजू चार मिलिमीटर जास्त भरली. मोजणीदारांनी जाळी काढून पुन्हा बसवली.

आणि इतकं करून बटण जेवला नाही. वाटी त्याची, घर त्याचं, समोर कोथिंबीर. तो कोपऱ्यात बसून राहिला. डॉक्टरांनी एक भुकटी दिली. ती पाण्यात कालवून दिवसातून पाच वेळा, सुई काढलेल्या सिरिंजनं भरवायची. मोजणीदारांनी आणि बायकोनं आळीपाळीनं रजा टाकल्या. रजेच्या अर्जात मोजणीदारांनी ‘घरगुती कारण’ एवढंच लिहिलं. प्राण्याचा उल्लेख करायची त्यांना हिंमत झाली नाही. बटणला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायचं, सिरिंज दातांच्या मागे बाजूनं घालायची, थेंब थेंब सोडायचा. त्याचं काळीज शिवणयंत्रासारखं धावताना हाताला लागायचं. बांधलेलं बोट त्याच्या तोंडाशी असताना मोजणीदारांना पहिल्या दिवशी घाम फुटला. पण बटण चावला नाही. त्याला चावायचं असतं तर त्यानं ते केव्हाच सुरू केलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं आपणहून कोथिंबिरीची काडी उचलली. मग झटकन मागेपुढे पाहिलं, काडी घेऊन कोपऱ्यात पळाला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली. मुलीनं टाळ्या वाजवल्या. बायको इस्त्री हातात धरून बघत होती.

“आता कोण ओढून घेणार आहे याच्याकडून?” मोजणीदार म्हणाले.

“अजून बरेच दिवस असंच करेल तो,” बायको म्हणाली आणि इस्त्रीकडे वळली.

बटण भरला. महिन्याभरात त्याचं वजन साडेआठशेवर गेलं. तेव्हा डॉक्टरांनी एक प्रयोग सांगितला: दोघांनाही अनोळखी अशा जागी, मोकळ्या जमिनीवर, गवताचा ढीग घालून समोरासमोर सोडा. अनोळखी जागा म्हणून जेलरांचा दिवाणखाना ठरला. टॉवेल घेऊन जेलर, सुपली घेऊन मोजणीदार, पायरीवर शिवणकामवाल्या वहिनी. दोघांनी दोन मिनिटं गवत खाल्लं. मग कापूसच्या पोटात मोबाइल वाजला. या वेळी बटण पळाला नाही. तो वळला आणि दात वाजवत पुढे आला. जेलरांनी टॉवेल टाकला.

“याला आता कोपरा नको,” जेलर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पुन्हा करू नका. जाळीच बरी. जाळीशी मात्र दोघे तासन्‌तास बसत, एक इकडून, एक तिकडून.

चार महिने संपले आणि मेहुणी आली. मोजणीदारांनी निवेदन पाठ करून ठेवलं होतं. तिनं कुंपणापुढे उभं राहून ते ऐकून घेतलं. मादीचा भाग त्यांनी गाळला.

“हे काय साहेब? भावाभावांत जाळी?” ती म्हणाली. “अहो, भावंडांत थोडंफार व्हायचंच. माझ्याकडे वर्षभर एका घरकुलात राहिले, कधी आवाज नाही. बटण मुळातच समजूतदार आहे. स्वतःहून मागे सरतो. काढते मी ही जाळी.” ती वाकली.

“काढू नकोस, ताई.”

बायकोचा आवाज रोजचाच होता, फोनवरच्या माणसाला तक्रार क्रमांक सांगताना असतो तो.

“तो मागे सरत नाही. तो कोपऱ्यात बसतो. तू बाहेरून बघतेस, म्हणून तुला तो समजूतदार दिसतो.”

“अगं, पण कधी आवाज केला नाही त्यानं—”

“कशाला करेल? उपयोग नाही हे त्याला कळलं होतं.”

मेहुणी सरळ उभी राहिली. “आपण गिनीपिगांबद्दलच बोलतोय ना?”

“हो,” बायको म्हणाली. “आणि खिडकीजवळच्या पलंगाबद्दल.”

मोजणीदारांनी बावीस वर्षांच्या संसारात या पलंगाबद्दल एक शब्द ऐकला नव्हता. आपल्या नोकरीपेक्षा जुना वाद आपल्याच घरात पडून आहे आणि त्याचा साधा अर्जही कुणी केलेला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना बाल्कनीत जावंसं वाटलं. पण बाल्कनीची वाट दोघींच्या मधून होती, आणि मध्ये हात घालू नये एवढं ते शिकले होते.

“बारा वर्षं मी दाराजवळच्या पलंगावर झोपले,” बायको म्हणाली. “कुणी आत आलं की दार माझ्या डोक्याला लागायचं. आई आल्यागेल्याला सांगायची, धाकटी किती समजूतदार आहे बघा.”

मेहुणी दाराआडच्या सोफ्याच्या कडेवर बसली. समोर कापूस दोन्ही पाय वाटीत ठेवून जेवत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

“मी चावले तर नव्हते ना गं तुला?”

“एकदा,” बायको म्हणाली. “मी दुसरीत होते.”

मुलगी हसली, आणि मग आपण हसायला नको होतं असं वाटून स्वयंपाकघरात गेली. मेहुणीही हसायला गेली, पण तिला ते नीट जमलं नाही.

“दोघं इथेच राहू देत,” बायको म्हणाली. “जाळीसकट. तू येत जा त्यांना बघायला.”

मेहुणीनं मान हलवली. चहा प्यायली, मुलीची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, एका ठिकाणी सवयीनं शुद्धलेखन सुधारलं. निघताना दारात चप्पल घालता घालता ती थांबली.

“तो पलंग आईनं तुला दिला होता. खिडकीजवळचा. मला माहीत होतं.”

“मलाही माहीत होतं,” बायको म्हणाली. “तुला माहीत होतं ते.”

मेहुणी जिना उतरून गेली. बायकोनं दार लावलं आणि काकडी चिरायला घेतली.

दिवे लागायच्या वेळेला मोजणीदार झोपायच्या खोलीत गेले आणि कॉटपाशी उभे राहिले. खिडकीकडची बाजू त्यांची होती. वारा लागतो म्हणून ते तिथे झोपत. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, याची त्यांना काही आठवण नव्हती. त्यांनी बायकोला हाक मारली. ती हात पुसत दारात आली.

“तुला कुठल्या बाजूला झोपायला आवडतं?”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग कॉटकडे.

“खिडकीकडे,” ती म्हणाली.

मोजणीदारांनी आपली उशी उचलली.